गलागात नेलेलं विमान सोडवताना आपल्याच गोळीनं फुटतं. काय चुकतंय?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडला, दोन्ही रिमोटसकट. कॅसेट पिवळी, वर ‘९९९९ इन १’ छापलेलं, आत खरे गेम वीस-पंचवीस. लेक सहावीत आहे, तिला त्यातला गलागा, म्हणजे खालच्या विमानानं वरच्या रांगांतले किडे पाडायचा गेम, फार आवडला. अभ्यास झाला की रोज संध्याकाळी आम्ही दोघं बसतो.

बॉस, म्हणजे सगळ्यांत वरच्या रांगेतला मोठा किडा, खाली येऊन जाळं टाकतो, आपलं विमान वर घेऊन जातो आणि ते सोडवून आणलं की दोन विमानं जोडीनं उडतात, एवढं आम्हाला कळलंय. पण सोडवताना दहातल्या सात वेळा ते आमच्याच गोळीनं फुटतं. जोडी झालीच तर अर्ध्या मिनिटात एक जातं. स्कोर तीस हजाराच्या पुढं सरकत नाही.

लहानपणी सांगलीत एस.टी. स्टँडजवळच्या एका दुकानात हा गेम मोठ्या मशीनवर बघितलाय. मी खेळलो थोडाच, कारण खाऊचा रुपया आठवड्यातून एकदा मिळायचा. तिथं एक माणूस यायचा, तो हे सोडवण्याचं काम इतक्या सावकाश करायचा की आम्ही पोरं क्लासची वेळ विसरून मागं उभी राहायचो. तो कसं करायचा, कुणाला ठाऊक आहे का? लेकीला शिकवायचंय.

गल्ल्यावरचा

दादा, तुम्ही बहुतेक आमच्याच दुकानाबद्दल बोलताय. १९९२ ते १९९५ मी तिथं गल्ल्यावर बसायचो, शाळा-कॉलेज सांभाळून. चार मशीन होती, गलागा भिंतीकडचं. तुम्ही म्हणता तो माणूस मार्केट यार्डात हमाल होता. हळदीच्या हंगामात काम सुटल्यावर तसाच यायचा, बोटं पिवळीजर्द. फायरचं पांढरं बटण त्या दिवसांत पिवळंच असायचं. मालक पुसायला सांगायचे, मला ते पुसावंसं वाटायचं नाही.

आता तुमचा प्रश्न. आधी एक सांगा, रिमोटवर टर्बोची, म्हणजे दाबून धरलं की आपोआप गोळ्या सुटत राहतात ती, बटणं आहेत ना? आणि लेक तीच दाबून धरते ना? तिथंच गडबड आहे. गलागात एका विमानाच्या एका वेळी दोनच गोळ्या पडद्यावर असू शकतात. टर्बो दाबलं की दोन्ही पाठोपाठ सुटतात. बॉस झेप घेतो तेव्हा नेलेलं विमान त्याच्या पाठीशी असतं. पहिल्या गोळीनं बॉस मरतो, दुसरी सरळ वर जाऊन तुमच्याच विमानाला लागते. तो माणूस त्या क्षणी एकच गोळी मारायचा. बॉस बराच खाली येईपर्यंत हात बटणावर नुसता ठेवलेला, मग एकदा टक्, आणि लगेच बाजूला.

पण त्याची तयारी आधीपासून असायची. बॉसला दोन गोळ्या लागतात, पहिलीनं हिरव्याचा निळा होतो. तो ज्या बॉसला विमान देणार असायचा त्याला आधीच एक मारून निळा करून ठेवायचा, म्हणजे सोडवताना एकीतच काम. विमान द्यायचा तेही पहिल्या-दुसऱ्या स्टेजलाच, हाताशी अजून विमानं असताना. शेवटचं विमान दिलं तर गेम तिथंच संपतो. आणि द्यायच्या आधी खालच्या ओळीतल्या माश्या बऱ्याचशा साफ केलेल्या असायच्या, नाहीतर एकीकडं बॉसची वाट बघायची आणि दुसरीकडं माश्या अंगावर.

आणखी एक. बॉस वर रांगेत उभा असताना त्याला मारू नका. बॉस मरतो, पण विमान परत मिळत नाही, ते शत्रू होऊन तुमच्यावरच येतं. आमच्याकडं नवी पोरं हमखास हीच चूक करायची आणि मशीनला लाथ घालायची. त्यांना थोपवायला मला उठावं लागायचं.

जोडी टिकवायचं म्हणाल तर, जोडी दुप्पट रुंद आहे हे डोळ्यांना कळायला वेळ लागतो. उजवीकडचं विमान सगळे विसरतात, तेच आधी जातं. लेकीला सांगा, दोन विमानांच्या मधल्या फटीकडं बघ. आणि किडे रांगेत बसायच्या आधी, वळणं घेत आत येतात तेव्हाच जास्तीत जास्त मार. दर वेळी त्याच वाटेनं येतात, वाट पाठ झाली की विमान फार हलवावंच लागत नाही. जोडीचा खरा फायदा तिसऱ्या, सातव्या, अकराव्या स्टेजला. तिथं कुणी गोळी मारत नाही, आठ-आठच्या पाच टोळ्या येतात, चाळीसच्या चाळीस पाडले की १०,००० बोनस. बॉसला दोन साथीदारांसकट झेप घेताना पाडलं तर १,६००, रांगेत बसलेला पाडला तर फक्त १५०. तीस हजारावर अडकायचं कारण तुम्ही बसलेले पाडताय, हेही असेल.

ते मशीन बंद केलं की सगळे स्कोर विसरायचं. म्हणून मी पाटीवर खडूनं लिहून ठेवायचो. एकदा त्याचा डाव दोन लाखांच्या पुढं गेला होता, मागं पंधरा-वीस जण श्वास रोखून उभे, आणि लाईट गेली. मी रुपया परत द्यायला गेलो तर घेतला नाही. म्हणाला, “तुझी काय चूक त्यात, लिही जेवढं झालं तेवढं.” नेमका आकडा शेवटी कुणी बघितला नव्हता. मी ‘दोन लाखांवर’ एवढंच लिहिलं आणि ते कधी पुसलं नाही.

तासगावची ताई

कॅसेट एकदा नीट बघा हं. आमच्या घरच्या कॅसेटमध्ये गॅलॅक्सियन होता आणि भाऊ त्यालाच गलागा म्हणायचा. दोन्ही नामको कंपनीचे, गॅलॅक्सियन १९७९ चा, गलागा १९८१ चा. गॅलॅक्सियनमध्ये जाळंबिळं नाही आणि गोळी एकच. ती लागेपर्यंत किंवा पडद्याबाहेर जाईपर्यंत दुसरी सुटत नाही. लांबून मारून चुकली की तेवढा वेळ हात बांधलेले. त्यामुळं मला जवळ येऊ देऊन मारायची सवय लागली, आणि पुढं गलागात तीच कामी आली. लेकीला आठवडाभर गॅलॅक्सियन खेळायला द्या, टर्बोची सवय आपोआप जाईल.

आठशूनआठशून

तुमचा टीव्ही नवा सपाट असेल तर चित्र किंचित उशिरा दिसतं. बटण आत्ता दाबलं, विमान जरासं नंतर हललं. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो चालू करा. जुना डबा टीव्ही चालू स्थितीत असेल तर सर्वांत उत्तम.

माझा जीव मात्र स्पेस इनव्हेडर्सवर. १९७८, टायटो कंपनी, तोमोहिरो निशिकादो यांनी बनवलेला. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला ८०८५ प्रोसेसरच्या लॅबमध्ये आम्ही हातानं हेक्स कोड (आकडे-अक्षरांतला प्रोग्राम) भरायचो तेव्हा कळलं की तो गेम त्याच घराण्यातल्या ८०८० वर चालतो. त्यात ५५ शत्रू असतात, आणि मरत जातील तसे उरलेले वेगानं पळतात. मुळात ती प्रोसेसरची मर्यादा. ५५ चित्रं काढायला वेळ लागतो, कमी उरली की काम लवकर उरकतं. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. शेवटचा एकटा पळतो तेव्हा छातीत जे धडधडतं ते तिथून आलंय.

गलागाच्या मूळ मशीनवर प्रोग्राममधली एक चूकही आहे. पहिल्या स्टेजला डाव्या कडेच्या दोन माश्या राखायच्या आणि साधारण पंधरा मिनिटं त्यांना चुकवत राहायचं. एका क्षणी त्या गोळ्या टाकायच्या थांबतात, मग त्यांना मारलं की पुढं सगळ्या गेममध्ये कुणीच गोळी मारत नाही.

गल्ल्यावरचा

हे आमच्याकडं मिरजेच्या एका पोरानं करून दाखवलं होतं. पण लेकीला एवढ्यात सांगू नका दादा. गोळ्या चुकवता आल्या तरच त्या गेमची गोडी आहे.

विश्रामबागकर

टर्बोच होतं! काल तिच्या रिमोटवरच्या टर्बो बटणांवर चिकटपट्टी लावली. पहिले चार डाव चिडचिड झाली, पाचव्यात तिनं एकाच गोळीत विमान सोडवलं आणि सोफ्यावर उभी राहून ओरडली. आई स्वयंपाकघरातून पळत आली, काय झालं म्हणून. जोडी घेऊन तिसऱ्या स्टेजला चाळीसपैकी छत्तीस, स्कोर ५८,२४०. कॅसेट गलागाचीच आहे ताई, पण गॅलॅक्सियनही त्यात निघाला, उद्यापासून तो.

गल्ल्यावरचा, तुमचं वाचून दाखवलं तर तिनं शाळेची जुनी पाटी शोधून काढली, टीव्हीशेजारी टेकवून ठेवलीय. सगळ्यांत वर तिनं ‘हळदवाले काका, दोन लाखांवर’ लिहिलंय, खाली स्वतःचा आकडा. आता एकच अडचण, दुसऱ्या रिमोटचं फायर बटण तीनदा दाबलं की एकदा लागतं. उघडून बघितलं, आतलं रबर काळवंडलंय. ते स्पिरिटनं पुसलं तर चालेल का?

आठशूनआठशून

चालेल. रबर हलक्या हातानं पुसा, त्याचा काळा थर खरवडू नका. खालच्या पट्टीवरचे काळे ठिपकेही पुसा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय बंद करू नका.