समासातला शेरा: तुमच्या लक्षात राहिलेला कोणता?

परवा माळा आवरताना आठवीची निबंधाची वही सापडली. 'पावसाळ्यातील एक दिवस', दहापैकी पाच, आणि समासात बाईंचं लाल शाईतलं वाक्य: "तू पाहिलेला पाऊस लिही, गाइडातला नको." तेव्हा घरी येऊन रडले होते. शिक्षकांनी तुम्हाला दिलेला किंवा तुम्ही शिक्षकांना दिलेला असा एखादा शेरा आठवतोय का? लिहा. शाळा-कॉलेजचं नाव नको, किस्सा हवा.

झेडपी गुरुजी, मुळशी
ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आमच्या डोक्यावर 'वर्णनात्मक नोंदी' आल्या. कल्पना चांगलीच होती. पण लगेच तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या. 'कविता तालासुरात म्हणतो', 'गटकार्यात सहभागी होतो'. मीही त्याच उतरवल्या, खोटं कशाला सांगू. एका आईने प्रगतिपुस्तक हातात घेऊन विचारलं, "गुर्जी, थोरल्याच्या पुस्तकात पण हेच होतं. हे नक्की धाकट्याचंच ना?"

त्यानंतर शंभर पानी वही केली. आठवड्याला प्रत्येक पोरामागे एक ओळ, पण बघून. एका मुलीबद्दल लिहिलं होतं: 'वजाबाकीत दशक सुटा करते, पण दशकाच्या घरातून एक कमी करायचं विसरते.' तिला काड्यांचे गठ्ठे देऊन बसवलं. दोन दिवसांत तिने स्वतःच चूक पकडली, वर शेजारणीचीही पकडली. वर्षभर 'गणितात सराव आवश्यक' लिहून काही झालं नव्हतं.

मागचा बाक
आमच्या सरांचा अभिप्राय म्हणजे डस्टर. नेम मात्र अचूक.

नवी पेठ, तिसरा अटेम्प्ट
राज्यसेवा मुख्य परीक्षा बहुतांशी बहुपर्यायी होती तोवर उत्तरतालिका आली की विषय संपायचा. २०२५ पासून ती वर्णनात्मक झाली, नऊ पेपर, आणि उत्तर तपासून घेणं ही नवीच गरज निर्माण झाली. टेस्ट सिरीज लावली. कॉपी तीन आठवड्यांनी परत, त्यावर 'प्रेझेंटेशन सुधारा'. कुठलं? फोन केला तर "मॉडेल उत्तर बघा." शेवटी अभ्यासिकेतले आम्ही चौघं रात्री चहाला एकमेकांच्या कॉप्या वाचायला लागलो. एकाने पहिल्याच दिवशी दाखवलं, "प्रश्नात 'चिकित्सक परीक्षण करा' आहे, तू नुसती माहिती दिलीयेस." हे वाक्य मला फी भरून मिळालं नव्हतं.

इंजिनिअरिंगचा मास्तर
उलट बाजू सांगतो. सत्र संपताना विद्यार्थी आमच्यावर ऑनलाइन फॉर्म भरतात. तो नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, फाइलला लागतो, म्हणून पोरं सगळीकडे पाचपैकी पाचवर टिक करून मोकळी. एकदा मात्र सूचनांच्या रकान्यात कुणीतरी लिहिलं, "सर, तुम्ही फळ्याशी बोलता." आठवडाभर मनातून गेलं नाही. मग तासाच्या शेवटी चिठ्ठ्या सुरू केल्या: आज काय कळलं नाही? पहिल्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्यांवर 'सगळं समजलं'. अक्षर ओळखू येतं हो! सीआरला, म्हणजे वर्गप्रतिनिधीला, सांगितलं, चिठ्ठ्या तू गोळा कर आणि मला फक्त टाइप करून दे. तेव्हा कुठे आलं: 'तिसरी पायरी तुम्ही तोंडी उडवता.' खरंच उडवत होतो. वीस वर्षं शिकवून मला ती पायरी दिसेनाशीच झाली होती. सत्र संपल्यावर भरलेल्या फॉर्मचा त्या बॅचला तसाही काही उपयोग नसतो, हे माझं मत.

तबला, शनिवार-रविवार
आमचे गुरुजी फक्त "हं" म्हणायचे. एक 'पुढे चल'वाला हं, एक 'परत घे'वाला. फरक कळायला मला दीड वर्ष लागलं. ते वाया गेलं असं म्हणवत नाही, पण आता मी मुलांना शिकवते तेव्हा "डावा दबतोय" असं सरळ सांगते.

धागाकर्ती
कुणीतरी विचारलंय, पुढे काय झालं त्या निबंधाचं. वही पुन्हा उघडली. बाईंच्या शेऱ्याखाली माझं पेन्सिलीतलं उत्तर आहे: "बाई, यंदा पाऊस नीट आलाच नाही." त्याखाली पुन्हा लाल शाई: "मग तेच लिही."