चौदा देश, पण चलन एक नाही

कोणीतरी लिहिलंय की सीएफए फ्रँक हे आफ्रिकेतल्या १४ देशांचं एकच चलन आहे. तसं नाहीये हो, ती दोन वेगळी चलनं आहेत, पश्चिमेकडच्या ८ देशांचं डकारच्या बँकेचं आणि मध्य आफ्रिकेतल्या ६ देशांचं याउंदेच्या बँकेचं. दोन्हींचा भाव अगदी सारखा, १ युरोला ६५५.९५७, तरी सेनेगलची नोट कॅमेरूनच्या दुकानात चालत नाही, बदलूनच घ्यावी लागते. पश्चिमेकडची नोट हातात आली तर नंबरापाशी एक अक्षर बघा, के म्हणजे सेनेगल, ए म्हणजे आयव्हरी कोस्ट, डी म्हणजे माली, चालते मात्र आठही देशांत.

आणि अशा पक्क्या, बांधलेल्या भावामुळे लोकांना स्थैर्य मिळतं असंही म्हणतात, तो मुद्दा मला अर्धाच पटतो. जानेवारी १९९४ मध्ये एका झटक्यात सीएफए फ्रँकची किंमत निम्मी केली, तेव्हा भाव युरोऐवजी फ्रान्सच्या जुन्या चलनाशी, फ्रेंच फ्रँकशी बांधलेला होता, आधी १ फ्रेंच फ्रँकला ५० होते ते १०० झाले, म्हणजे बाहेरून येणारं औषध असो की मशीनचा पार्ट, तेवढ्याच मालाला दुप्पट पैसे, आणि पगार काही दुप्पट झाले नाहीत. ज्यांनी जन्मभर पैपै साठवली त्यांचं काय झालं असेल याचा विचार करूनच पोटात कालवतं.