फळ्यांआधी भिंत तपासा

खोलीच्या भिंतीला पाइनच्या फळ्या थेट प्लास्टरवर फेव्हिकॉलने चिकटवू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, नको. तुम्हाला एकाने 'फळ्यांखाली लाकडी पट्ट्या मारायची गरज नाही' म्हटलंय, ते कोरड्या आतल्या भिंतीला ठीक. पण तुमची भिंत बाहेरची आणि पश्चिमेची, म्हणजे पावसाचा मारा थेट तिच्यावर.

आधी पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून दिवसभर ठेवा. आतून घाम धरला तर लाकडाचा विचार सोडा, आधी ओल काढा. भिंत कोरडी निघाली तर वाळवीचं औषध मारलेल्या पट्ट्या गिट्टी (भोकात बसणारी प्लास्टिकची नळी) आणि स्क्रूने उभ्या ठोका. फळ्या आडव्या येतील, मागे हवा खेळेल. खाली-वर थोडी फट ठेवायला विसरू नका, नाहीतर ती हवा नुसती कोंडून राहते.

जुन्या पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी चौकटीच्या) फळ्या घेणार असाल तर त्यावरचा शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णतेची प्रक्रिया, घ्यायला हरकत नाही. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीटकनाशक वायूची धुरी. फुकट मिळाली तरी घरात आणू नका. रंधा मारण्याआधी खिळे काढा, एक राहिला तरी पात्याला खाच पडलीच.

फळ्या लावण्याआधी आठवडाभर त्याच खोलीत पडू द्या. पहिली ओळ लेव्हल लावूनच, फरशीच्या भरवशावर नको. बिल्डरची फरशी सरळ असते हा गोड गैरसमज आहे.

आणि हो, फळ्या पुढे आल्या की स्विचबोर्ड आत जाईल. इलेक्ट्रिशियनला आधीच बोलावून बॉक्स पुढे घ्या.