ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलेल्या पेशंटला फोनवर काय विचारता? (कॅनडा/अमेरिकेतल्या फार्मसिस्टांची मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

ऑन्टारिओत एका फार्मसीत काम करते. पुण्यात काउंटरवर होते तेव्हा अफूसारख्या नशेच्या (ओपिऑइड) व्यसनावरची ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोन गोळी कधी हातात आली नाही. भारतात ती साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, व्यसनमुक्ती केंद्र किंवा हॉस्पिटलातूनच देतात. इथे पेशंट आपल्यासमोर गोळी जिभेखाली ठेवतो, ती विरघळेपर्यंत आपण उभं राहायचं, आणि रांगेतली मंडळी घड्याळ बघत राहतात. तरी ते सोपं, कारण माणूस रोज डोळ्यांना दिसतो.

आत्ताचा पेशंट रस्त्यावरचं फेंटानिल (अफूच्याच जातीचं, पण फार तीव्र) घेणारा. ही गोळी मेंदूतल्या रिसेप्टरला घट्ट चिकटते, फेंटानिलला हुसकावते, पण स्वतः अर्धवटच काम करते. त्यामुळे अंगात फेंटानिल बाकी असताना पूर्ण डोस पडला की घाम, जुलाब, अंगदुखी एकदम उसळते. त्यात फेंटानिल चरबीत मुरून राहतं, म्हणजे 'इतके तास थांबा' हा हिशेबही भरवशाचा नाही. मित्राचे असे हाल पाहिल्यामुळे हा आधीच घाबरलेला. म्हणून डॉक्टरांनी मायक्रोडोसिंग दिलंय: 2 मिग्रॅ.च्या गोळीचा चतकोर, म्हणजे 0.5 मिग्रॅ.पासून सुरुवात, रोज थोडी वाढ. गोळ्यांचे तुकडे करून घरी घ्यायला मीच ब्लिस्टर पॅक (रोजच्या डोसला वेगळा कप्पा) भरून दिला, त्यामुळे विचारपूस आता फोनवरच.

अडचण अशी की या पद्धतीत पूर्ण डोसपर्यंत पोचेस्तोवर फेंटानिल लगेच सुटत नाही. तेव्हा 'आज बाहेरचं किती घेतलं?' हे विचारावंच लागतं, आणि कितीही गोड बोला, पोलीस चौकशीसारखंच वाटतं. दुसरं, फोन बरेचदा त्याची आई उचलते. आणि फोन लागलाच नाही तर डॉक्टरांना कधी कळवता?

प्रतिसाद:
आईचा प्रश्न आधी मिटवा. कुणाशी बोललेलं चालेल, कुठल्या वेळी, हे पेशंटलाच विचारून फाईलवर लिहा. निरोप ठेवताना औषधाचं नाव नको.

'किती घेतलं' हा पहिला प्रश्न नकोच. 'काल कुठला कप्पा उघडला, नंतर तासाभरात कसं वाटलं?' इथून सुरू करा. बाकीचं बहुतेक जण आपणहून सांगतात. दारू आणि झोपेच्या गोळ्यांचं मात्र थेट विचारा, श्वास मंदावण्याचा धोका तिथे आहे. बद्धकोष्ठतेबद्दल लाजेने कुणी बोलत नाही, तेही तुम्हीच काढा. गोळी विरघळल्यावर चूळ भरायची, ब्रश तासाभराने. या गोळीने दात खराब होण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने 2022मध्ये इशारा दिलाय.

नॅलॉक्सोन किट (ओव्हरडोस झाला तर त्याचा असर उतरवणारं) ऑन्टारिओत फार्मसीतून फुकट मिळतं. ते दिलंय ना? घरात दुसऱ्या कुणाला वापरता येतं का? पेशंटची हरकत नसेल तर आईलाच शिकवा. फोन लागला नाही तर मी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवते. कप्पे राहिले असतील तर दोन दिवसांचा डोस एकदम घेऊ नको, हे आजच सांगून ठेवा.