मदत हवी आहे: टाचदुखीवर शॉकवेव्ह, जळगाव-भुसावळ भागात कुठे?

राम राम मंडळी. आबा ५८ वर्षांचे, रावेरकडे केळीची बाग आहे. उजव्या टाचेत १४ महिन्यांपासून दुखतंय. सकाळी पहिली पावलं टाकताना तर जीव जातो, बघवत नाही. निदान प्लांटर फॅसायटिस (टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळपायाच्या जाड पट्ट्याचं दुखणं). एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं, फ्रॅक्चर नाही.

आतापर्यंत सिलिकॉनची टाच, पोटरीचे ताण रोज, फिजिओकडे अल्ट्रासाउंड, गोळ्या, सगळं झालं. दोन महिन्यांपूर्वी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, तीन आठवडे बरं वाटलं, मग पुन्हा तेच. शुगर आहे पण आटोक्यात, पायाला मुंग्या नाहीत. रक्त पातळ होण्याची गोळी चालू नाही, पेसमेकरही नाही.

आता डॉक्टरांनी शॉकवेव्ह सुचवलंय, आठवड्याला एक अशा तीन ते पाच बैठका. (आबांना विजेचा शॉक वाटला होता, त्या दाबाच्या लहरी असतात हे समजावल्यावर तयार झाले.) पुण्या-मुंबईला दर आठवड्याला जाणं जमणार नाही, आणि बाग कापणीला आलीय.

जळगाव, भुसावळ किंवा बऱ्हाणपुरात हे कुठे होतं, मशीन रेडियल (लहरी पसरणाऱ्या) की फोकस्ड (लहरी एका जागी खोलवर एकवटणाऱ्या), एका बैठकीचे किती घेतात? आणि ज्यांनी केलंय त्यांना उभ्याचं काम किती दिवस बंद ठेवावं लागलं?