घरगुती स्क्वॉट स्टँड आणि रॉडची मजबुती कशी तपासावी?

गच्चीवरची_तालीम

नमस्कार. गच्चीवर व्यायाम करण्यासाठी ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून मी एक स्क्वॉट स्टँड, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन बैठका मारताना रॉड ठेवायचा स्टँड, करून घेतला आहे. ५० × ५० मि.मी. चौकोनी पाइपचे दोन खांब आहेत, पाइप १४ गेजचा असल्याचे त्याने सांगितले. खांबांची उंची दीड मीटर, त्यांच्यातले अंतर एक मीटर, आणि तळाशी प्रत्येक खांबाला पुढेमागे मिळून ४० सें.मी.चा अँगल आहे. रॉड ठेवण्याचे हूक ५ मि.मी. जाड पट्टीचे असून खांबाच्या समोरच्या बाजूला वेल्ड केलेले आहेत. रॉड २८ मि.मी.चा साधा एम.एस. (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ पोलाद) बार, सहा फुटी. वजने मी घमेल्यात काँक्रीट ओतून घरीच केली. सध्या ७० किलोंचे स्क्वॉट मारतो, वर्षभरात १२० पर्यंत जायचा विचार आहे, आणि आता दहावीतला मुलगाही सोबत येऊ लागला आहे. ‘‘हत्ती उभा करा, काही होणार नाही,’’ असे फॅब्रिकेटर छातीठोकपणे सांगतो. त्याच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा घरच्या घरी खात्री करून घेण्याचा काही मार्ग आहे का?

टाका_तपासनीस

कोल्हापुरात वेल्डिंगच्या तपासणीत माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे हत्तीचा दाखला मी पुष्कळदा ऐकला आहे. गंमत अशी की तो अगदीच खोटा नसतो. पाइप खरोखर २ मि.मी. जाडीचा असेल, तर तळाशी घट्ट बसवलेला दीड मीटरचा एक खांब सरळ उभ्या भाराखाली वाकायला हिशेबाने तीन टनांच्या आसपास वजन लागते. पण हत्ती खांबांवर सरळ उभा राहतो, आणि तुम्ही मात्र शेवटच्या स्क्वॉटनंतर धापा टाकत पुढे येऊन रॉड हुकांवर आदळणार आहात. म्हणून धोका खांबाच्या मध्यात नाही. तो तळात, हुकाच्या वेल्डिंगच्या टाक्यात आणि रॉडमध्ये आहे.

आधी तळ पाहू. वजनांसह सगळा भार १४० किलो धरला आणि रॉड १.४ मीटर उंचीवर असला, तर ४० सें.मी.च्या तळावरचा स्टँड आडव्या दिशेने सुमारे २० किलोंच्या रेट्याने कलंडतो. थकलेला माणूस रॉड परत ठेवताना एवढा रेटा सहज देतो. तळ एक मीटरचा केला की हाच आकडा ५० किलोंवर जातो. हे काम स्वस्त आहे आणि ते आधी करून घ्यावे.

रॉडचा हिशेब मात्र तुमच्या विरोधात जातो. रॉड पाठीवर असताना खांद्याच्या टेकणापासून वजनांचा मध्य साधारण अर्ध्या मीटरवर येतो. एकूण १२० किलोंना २८ मि.मी.च्या बारमध्ये दर चौरस मिलिमीटरला सुमारे १२६ न्यूटन ताण निर्माण होतो, आणि साधे एम.एस. २५० च्या आसपास कायमचे वाकते. हे झाले स्थिर भाराचे. भार एकदम पडला, तर उंचीवरून न पडतासुद्धा ताण दुप्पट होतो, म्हणजे १२० किलो घेऊन खाली झटका बसला की तुम्ही बरोब्बर मर्यादेवर आहात. ७० किलोंना तो चालेल. १२० साठी बाजारातला कडक पोलादाचा रॉड विकत घ्यावा. स्टँड घरी करावा, रॉड करू नये, हे माझे ठाम मत आहे.

आणखी एक. सहा फुटी २८ मि.मी. बारचे वजन नऊ किलोसुद्धा भरत नाही. एका बाजूची वजने आधी उतरवली आणि दुसऱ्या बाजूला खांबापासून २० सें.मी.वर २२ किलोंपेक्षा जास्त राहिले, तर रॉड उलटून थेट तोंडावर येतो. मुलाला हे पहिल्या दिवशी शिकवा.

पाइपची जाडी तपासायला वजनकाटा पुरे. १४ गेज म्हणजे २ मि.मी., १६ गेज म्हणजे १.६ मि.मी. याच मापाच्या १४ गेज पाइपचा एक फुटाचा तुकडा सुमारे ९०० ग्रॅम भरतो. फॅब्रिकेटरकडे उरलेला तुकडा असेलच.

दगडी_नाल

आमच्या गावच्या तालमीत पाण्याच्या पाइपचा रॉड आणि सिमेंटची वजने दहा वर्षे वापरात आहेत. अजून कोणाला खरचटलेलेही नाही. इतके हिशेब करत बसलो तर व्यायाम कधी करायचा?

टाका_तपासनीस

दहा वर्षे टिकले म्हणजे अकरावे निघेल, असे लोखंडाच्या बाबतीत म्हणता येत नाही, कारण वारंवार भार घेऊन टाक्याच्या कडेला केसाएवढी चीर पडते आणि ती आतून वाढत जाते. पाण्याच्या पाइपविषयी माझा आक्षेप पाइपवर नाही. एक इंची मध्यम जाडीच्या जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची वाकण्याला विरोध करण्याची क्षमता भूमितीच्या दृष्टीने २८ मि.मी.च्या भरीव बारइतकीच येते, जरी त्याचा धातू थोडा मऊ असला तरी. पण तुम्ही टोकाला आटे पाडून सॉकेट बसवले असेल, तर तिथे सव्वातीन मि.मी.ची भिंत जवळजवळ निम्मी उरते. पाइप तुटला तर तिथेच तुटेल. आज संध्याकाळी आट्याच्या मुळाशी बॅटरीचा उजेड तिरपा पाडून पाहावे, एवढी विनंती.

रविवारची_सुट्टी

काँक्रीटच्या वजनांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून माझा अनुभव सांगते. मी केलेल्या दहा-दहा किलोंच्या दोन चकत्या प्रत्यक्षात ९.१ आणि १०.८ किलो निघाल्या. काँक्रीट घनमीटरला साधारण २,४०० किलो भरते, त्यामुळे घमेल्यात बोटभर जास्त ओतले की फरक पडतोच. तेव्हा प्रत्येक चकती काट्यावर तोलून तिचे खरे वजन तिच्यावर रंगाने लिहावे. मी आठवड्यातच त्या वापरायला काढल्या, आत जाळीही घातली नव्हती, आणि डेडलिफ्टच्या, म्हणजे जमिनीवरून रॉड उचलण्याच्या वेळी एक चकती भोकापासून कडेपर्यंत उकलली. निम्मा तुकडा माझ्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. आता कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी घालते, भोकात पाइपचा तुकडा बसवते आणि २८ दिवस ओली ठेवते.

गच्चीवरची_तालीम

सर्वांचे आभार. फॅब्रिकेटरकडून एक फुटाचा तुकडा आणला आणि वाण्याच्या काट्यावर ठेवला. ७२५ ग्रॅम भरला. म्हणजे पाइप १६ गेजचा निघाला. त्याला विचारले तर ‘‘बाजारात यालाच चौदा म्हणतात,’’ असे उत्तर मिळाले. तळ एक मीटरचा करायला सांगितला आहे. आता हुकांचे काय करावे, आणि सगळा स्टँड एकदा भार देऊन कसा तपासावा?

टाका_तपासनीस

पातळ पाइपच्या एकाच भिंतीवर वेल्ड केलेला हूक ती भिंत बाहेर ओढतो. म्हणून हूक इंग्रजी ‘यू’सारखा वाकवून खांबाच्या तीन बाजूंना कवटाळेल असा करावा आणि आरपार बोल्ट घालताना पाइपच्या आत नळीचा तुकडा ठेवावा, म्हणजे नट आवळताना पाइप दबणार नाही. त्याच पद्धतीने मांडीच्या उंचीवर, रॉड सुटला तर तो झेलायला, दोन आडवे लोखंडी हात बसवावेत. एकट्याने व्यायाम करणाऱ्याचा जीव त्या हातांवर असतो.

चाचणीसाठी सिमेंटच्या ५० किलोंच्या पिशव्या उत्तम. दोन्ही हातांवर जाड फळी आडवी टाकून पाच पिशव्या एकेक करून रचाव्यात, म्हणजे २५० किलो होतील. १२० च्या दुपटीहून थोडे अधिक. पिशवी ठेवताना कोणीही खाली किंवा समोर उभे राहू नये, मुलाला तर गच्चीवरूनच खाली पाठवावे. त्याआधी प्रत्येक हाताच्या दोन टोकांमध्ये दोरा ताणून बांधावा आणि मधले अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवावे. भार पंधरा मिनिटे ठेवून पिशव्या उतरवाव्यात आणि पुन्हा मोजावे. भाराखाली हात वाकला तर हरकत नाही. तो पूर्ववत आला पाहिजे. अंतर मिलिमीटरभर जरी वाढून राहिले, तरी तो भाग बदलावा, ठोकून सरळ करू नये. नंतर टाक्यांवरचा रंग पुसून नीट पाहावा. रंगात बारीक रेघ उमटली असेल, तर तिच्याखाली चीर आहे असेच समजावे.

गच्चीवरची_तालीम

रविवारी पाच पिशव्या चढवल्या. डावा हात पूर्ण परतला. उजव्यात दोऱ्यापाशी दोन मि.मी. राहिले, तो काढून परत दिला आहे. नवीन हात येईपर्यंत आम्ही दोघे जोर आणि बैठकांवर आहोत.