मदत हवी आहे: चिखलदऱ्याभोवती सायकलने चार दिवस, घाट कोणता आणि वर कुठे फिरावं?

नमस्कार मंडळी,

नागपूरहून लिहितेय. डिसेंबरच्या शेवटी चार दिवस मोकळे आहेत आणि चिखलदऱ्याला सायकलने जायचं ठरवलंय. सोबत माझी पंधरा वर्षांची लेक आहे. गाडीने आम्ही तिथे तीन-चारदा गेलोय, पण गाडीने चिखलदरा म्हणजे देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड, भजी आणि परत. या वेळी वर मुक्काम टाकून आजूबाजूच्या गावांच्या रस्त्यांनी सावकाश फिरायचंय.

सावकाश का, ते आधी सांगते. लेकीला पक्ष्यांचं वेड आहे आणि सध्या तिच्या डोक्यात एकच पक्षी आहे, रानपिंगळा. 1884 नंतर शंभराहून अधिक वर्षं तो कुणालाच दिसला नव्हता, संपला असंच सगळे समजत होते. मग 1997 साली शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला. मेळघाटात त्याची चांगली वस्ती आहे. हा पिंगळा दिवसाउजेडी फिरतो, सकाळी सागाच्या उघड्या फांदीवर ऊन खात बसतो. आपल्या घरामागच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळपास कोरं. हे सगळं मला लेकीने शिकवलंय. जीपमध्ये इंजिनाच्या आवाजात पक्षी ऐकू येत नाहीत, म्हणून सायकल, असा तिचा युक्तिवाद आहे आणि मला तो पटलाय.

आमची तयारी अशी. दोघी मिळून रामटेक-खिंडसी करून त्याच दिवशी परत आलोय, म्हणजे शंभरेक किलोमीटर झाले. अदासा आणि कोंढाळी तर नेहमीचं. पण नागपूरच्या आसपास खरा घाट नाहीच. रामटेकच्या गडाचा चढ दम काढतो, पण तो लगेच संपतो. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे, परतवाडा चारशेच्याही खाली. म्हणजे सातशे मीटरच्या वर चढायचंय, तेही सामान घेऊन.

गिअरचा हिशेब करून पाहिला. माझ्या सायकलला पुढच्या तीन चकत्यांना 48-38-28 दात आणि मागच्या चकत्यांना 11 ते 32 दात आहेत. 28 आणि 32 लावून मिनिटाला साठ पायडल मारले तर ताशी साडेसहा किलोमीटर पडतात. लेकीच्या सायकलला पुढे सर्वात लहान 24 आणि मागे सर्वात मोठं 28, तिचंही जवळपास तेवढंच येतं. तेव्हा चढायला गिअर पुरतील असं वाटतं. माझी खरी काळजी उताराची आहे.

मागच्या जानेवारीत मी आणि नवरा धामणगाव गढीच्या रस्त्याने वर गेलो होतो. धामणगाव सोडलं की तुरी-कपाशीची शेतं मागे पडतात आणि साग सुरू होतो. वाळलेली पानं रस्त्यावर ताटांएवढी पडलेली, चाकाखाली पापडासारखी मोडत होती. मोथ्याला पोचेपर्यंत पाय भरून आले होते, पण तो चढ मी आयुष्यात विसरणार नाही. परतताना त्याच रस्त्याने उतरलो. दोन्ही पॅनियर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्या, भरलेल्या, माझे ब्रेक रिमचे, म्हणजे रबर चाकाच्या कडेवर घासणारे, आणि मी भीतीपोटी सगळा उतार ब्रेक दाबूनच उतरत होते. एका वळणानंतर मागची ट्यूब फटकन फुटली. वेग कमी होता म्हणून पडले नाही. रिमला हात लावला तर तव्यासारखा चटका बसला. मागून एक दूधवाले काका मोटरसायकलवर येत होते. त्यांनी कॅन बाजूला ठेवले, रिम गार होईस्तोवर बोलत बसले आणि नवी ट्यूब टाकताना चाक धरून उभे राहिले. तेव्हा आम्ही दोघं मोठी माणसं होतो. आता पोर सोबत आहे.

तर माझे प्रश्न:

पहिला आणि मुख्य. परतवाड्याहून वर जायला दोन रस्ते आहेत, एक धामणगाव गढी-मोथा, दुसरा घटांगवरून. लेकीला घेऊन चढायला कोणता आणि उतरायला कोणता? घटांगच्या रस्त्याने मी फक्त गाडीत बसून गेलेय आणि गाडीत चढाचा अंदाज येत नाही.

दुसरा, वर गेल्यावर कुठे फिरावं? गाविलगड नक्की करणार. लेक इतिहासाच्या पुस्तकात वाचून आलीय की 15 डिसेंबर 1803 ला वेलस्लीने हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला आणि दोन दिवसांत देवगावचा तह झाला. किल्ल्यावर मारा करायला इंग्रजांच्या जड तोफा डोंगरातून फिरवून उत्तरेच्या बाजूला नेल्या होत्या, रस्ता फौजेनेच करत करत. तो उत्तरेचा भाग तिला बघायचाय. त्याशिवाय मधाचं गाव म्हणून नाव झालेलं आमझरी मनात आहे. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर, डांबरी किंवा बरा कच्चा रस्ता, आणि पॉइंटवरच्या गर्दीपासून लांब, असं काही सुचवा.

तिसरा, जंगलाचे नियम. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी आहे, तेव्हा मनाला येईल तिथे सायकल घालायची नाही हे कळतं. पण घटांग-सेमाडोह या रस्त्यावर दिवसा सायकलने गेलं तर चालतं का? कुणी अलीकडे गेलं असेल तर सांगा.

चौथा, नागपूरहून परतवाड्यापर्यंत. काटोल-वरूड-मोर्शी असा संत्र्याच्या पट्ट्यातून जाणारा रस्ता मला फार आवडतो, पण चार दिवसांत तो बसत नाही. रेल्वेने बडनेऱ्याला उतरावं की चांदूर बाजारला? सायकली ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे रेल्वेच्या सामानाच्या डब्यात, टाकण्याचा कुणाचा ताजा अनुभव आहे का?

---

प्रतिसाद

ताई, मी परतवाड्याचा. दोन्ही रस्त्यांनी शंभरदा तरी गेलो असेन, शाळेत असताना तर साध्या बिनगिअरच्या सायकलने.

धामणगाव गढीवरून वर अंतर तीसेक किलोमीटर, पण त्यातलं धामणगावपर्यंत जवळपास सपाट. म्हणजे सगळी चढण उरलेल्या तुकड्यातच येते. घटांगवरून अंतर बरंच जास्त, म्हणून तीच उंची वाटून येते. सामान आणि पोर सोबत असताना मी घटांगच सांगीन, चढायलाही आणि उतरायलाही. एकच अडचण, तो धारणी-बऱ्हाणपूरचा रस्ता आहे, घटांगच्या फाट्यापर्यंत एसटी आणि ट्रक राहतात. सकाळी उजाडताच परतवाडा सोडा. फाट्यावरून चिखलदऱ्याकडे वळलात की रस्ता तुमचाच.

उताराचं म्हणाल तर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबा, वेग पार कमी करा, मग सोडून द्या. रिमला तेवढ्यात वारा लागतो. पुढचा-मागचा आलटून पालटून वापरला तरी फरक पडतो. पाच-सहा किलोमीटरला थांबून रिमला हात लावून पाहा. आणि निघायच्या आधी ब्रेकचे रबर नवे टाका, जुने कडक झालेले राहतात. लेकीचं जड सामान तुमच्या सायकलवर घेऊ नका, त्यापेक्षा एसटीने कुणाच्या हाती वर पाठवून द्या. आमच्याकडे लोक करतात मदत.

शनिवार-रविवार आणि 31 डिसेंबर टाळाच. त्या दिवसांत वरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते.

चौथ्या दिवशी खाली उतरल्यावर पायांत जोर असला तर मुक्तागिरी करा, परतवाड्याहून पंधराएक किलोमीटर. बावन्न जैन मंदिरं, डोंगराच्या कुशीत, वर धबधबा. आणि तेव्हा बहिरमची यात्रा भरलेली असेल. रोडगे आणि वांग्याची भाजी खाल्ल्याशिवाय परत जायचं नाही.

---

प्रतिसाद

रानपिंगळ्याबद्दल थोडं. मी अमरावतीहून पक्षी बघायला मेळघाटात जातो. सकाळी सात ते दहा त्याची वेळ. उघडा साग, खाली गवत, झाडं विरळ, अशी जागा दिसली की सायकल लावून दहा मिनिटं गप्प उभं राहायचं. लेकीला दोन गोष्टी आवर्जून सांगा. मोबाईलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही, तो आपली हद्द राखायला येतो आणि हकनाक दमतो. दिसला तर नेमकी जागा इंटरनेटवर टाकायची नाही.

सार्वजनिक रस्त्यावरून दिवसा लोकांची ये-जा असतेच, पण रस्ता सोडून आतल्या कच्च्या वाटेला सायकल वळवू नका. जंगलाचा आतला भाग परवान्याशिवाय बंद असतो. निघायच्या आधी परतवाड्याला वनविभागाच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारा, सेमाडोहच्या बाजूचं तेच नक्की सांगतील. अस्वल सकाळी-संध्याकाळी रस्ता ओलांडतं. दोघी एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात राहा, आणि वळणावर घंटी वाजवत जा.

---

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. तारखा बदलल्या, आता सोमवार ते गुरुवार जातोय. घटांगवरूनच चढणार आणि त्याच वाटेने उतरणार. सामानाचं लेकीला आवडलं नाही, तिला आपलं ओझं आपणच न्यायचंय. शेवटी एवढं ठरलं की दुर्बीण आणि पाणी तिच्याकडे, कपडे एसटीने.

ब्रेकचे रबर काल काढून पाहिले. नखाने दाबले तर खूणसुद्धा उमटली नाही, इतके कडक झालेत. आजच बदलते. रेल्वेचा प्रश्न अजून तसाच आहे. नरखेड-अमरावती मार्गाने चांदूर बाजारला कुणी सायकल उतरवली असेल तर कृपया लिहा, तिकिटं या आठवड्यातच काढायची आहेत.